पहिला दिवस मोजायचा की पुढची वर्षं?

दीदीचं वर्क परमिट मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, ती चुकून जुनं कार्ड घेऊन आली आहे. त्यावरची मुदत केव्हाच उलटून गेली होती. तिने पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून, घड्या घालून घालून चिरा पडलेला एक कागद काढून माझ्यासमोर उलगडला. अमेरिकेच्या सरकारी राजपत्राची ती छापील प्रत होती. अमुक देशाच्या अमुक वर्गातल्या कार्डांची मुदत आपोआप वाढवली आहे, असं त्यात लिहिलं होतं. वर्ग म्हणजे कार्डावर बारीक अक्षरात छापलेलं 'ए-१२'. कार्ड आणि तो कागद जोडीने दाखवला तर ती काम करू शकत होती. नुसतं कार्ड पाहणाऱ्याला मात्र ती मुदत संपलेली बाई वाटायची. कित्येक वर्षं ती तो कागद बरोबर घेऊन हिंडत होती.

दीदी नेपाळमधल्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातली. आम्ही न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला राहत होतो तेव्हा आमच्या मुलीला तिने चार वर्षं सांभाळलं. पुढे आम्ही न्यू जर्सीत आलो तरी तिचं येणं-जाणं राहिलं. कागदपत्रं घेऊन ती माझ्याकडे यायची, कारण तिचे दाखले देवनागरीत आणि इथल्या कार्यालयाला प्रत्येक परभाषेतल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. मला नेपाळी येत नाही, पण लिपी एकच. मी अक्षर लावायचे, तिचा भाचा भाषांतर तपासून सही करायचा. तिच्या नागरिकतेच्या दाखल्यावर जन्मसाल २०४२ आहे. विक्रम संवत. इंग्रजी अर्जात ते १९८५ होतं. एका अर्जात ही गफलत झाली तर पुढची दोन वर्षं पत्रव्यवहारात जातात, हे मी तिच्यामुळे शिकले.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली, त्यात सर्वाधिक सिंधुपाल्चोकमधली. दीदी त्याआधी काही महिने टुरिस्ट व्हिसावर जेएफके विमानतळावर उतरली होती. तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहून शिक्का मारला होता. तिचा नवरा तिच्या वर्षभर आधी आला, पण दलालाच्या वाटेने. दक्षिण अमेरिकेतून वर सरकत सरकत मेक्सिकोची सीमा पायी ओलांडून. त्याला कोणी अडवलं नाही, तसंच कोणी नोंदवलंही नाही. २४ जून २०१५ रोजी अमेरिकेने नेपाळींना तात्पुरतं संरक्षण जाहीर केलं. त्या दिवशी तुम्ही अमेरिकेत होतात का आणि तुमच्यावर गंभीर गुन्हा आहे का, हे त्यात मुख्यतः विचारलं जातं. कसे आलात हा प्रश्न त्यात आड येत नाही. दोघांनाही संरक्षण मिळालं, दोघांच्या बोटांचे ठसे घेतले गेले, दोघांनी कर भरला. मुलगी इथेच जन्मली.

दहा वर्षं सरकारने या नवरा-बायकोला एकाच मापाने मोजलं. संरक्षण संपलं आणि मापं वेगळी झाली. आता दोघांपुढे कायद्याच्या कोणत्या वाटा उरल्या, हे पहिल्या दिवशी कोण कुठल्या दाराने आत आलं यावर ठरणार आहे. मधल्या दहा वर्षांचं वजन त्यात जवळजवळ शून्य. माझं म्हणणं इतकंच आहे की हे उलटं व्हायला हवं. ज्या राज्याने एखाद्या माणसाला वर्षानुवर्षं स्वतःच्या सहीने राहू दिलं, त्याने ती वर्षं मोजली पाहिजेत.

हा कायदा १९९०चा आहे. 'टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या तात्पुरत्या संरक्षणाला सगळे टीपीएस म्हणतात. युद्ध, भूकंप-पूर-साथ यांसारखी आपत्ती किंवा असाधारण पण तात्पुरती परिस्थिती, यांपैकी एखाद्या कारणाने एखाद्या देशात माणसं परत पाठवणं धोक्याचं असेल, तर अमेरिकेत आधीच असलेल्या त्या देशाच्या लोकांना सहा, बारा किंवा अठरा महिन्यांसाठी थांबू द्यायचं. हद्दपारी नाही आणि कामाचा परवाना मिळणार. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी सरकारने परिस्थिती तपासून मुदत वाढवायची की संपवायची ते ठरवायचं. माणुसकीचा कायदा आहे हा, आणि अशी तरतूद फार थोड्या देशांच्या कायद्यात आहे. माझा राग त्याच्या असण्यावर नाही.

राग आहे तो त्यात जे लिहिलेलं नाही त्यावर. मुदत किती वेळा वाढवता येईल याला कायद्यात मर्यादा नाही, आणि वाढवत वाढवत वर्षं गेली तर त्या माणसांचं काय करायचं याबद्दल त्यात अवाक्षर नाही. होंडुरास आणि निकाराग्वाला हे संरक्षण 'मिच' चक्रीवादळानंतर, जानेवारी १९९९मध्ये मिळालं. एल साल्वाडोरला २००१च्या भूकंपांनंतर. हैतीला २०१०च्या भूकंपानंतर. अठरा-अठरा महिन्यांचे तुकडे जोडत होंडुरासच्या माणसाने इथे सव्वीस वर्षं काढली. संरक्षण संपलं की काय होतं? कायदा सांगतो, माणूस त्याआधी जिथे होता तिथे परत जातो. म्हणजे ज्याच्याकडे त्याआधी काही कागद नव्हता, तो सव्वीस वर्षांनी पुन्हा कागद नसलेला.

उलट, याच कायद्यात आणखी एक कलम आहे. टीपीएसवाल्यांना कायमचं वास्तव्य देणारं विधेयक सिनेटमध्ये विचारात घ्यायचं असेल तर आधी तीन-पंचमांश सदस्यांनी होकार द्यायला हवा. दार बांधतानाच त्याच्यापुढे भिंत घातली होती. सिनेटने १९९०मध्ये हे का केलं ते समजू शकतं: तात्पुरतं म्हणून दिलेलं कायमचं होईल ही भीती. पण ती भीती खरीच होती, तर मुदतवाढीलाही मर्यादा घालायला हवी होती. एक हात वाढवत राहिला आणि दुसऱ्याने दाराची कडी लावली.

नेपाळच्या बाबतीत शेवट कसा झाला ते पाहा. २०१८मध्ये सरकारने हेच संरक्षण संपवायचं ठरवलं होतं, तेव्हा आवराआवरीसाठी वर्षभराचा अवधी दिला होता. साल्वाडोरला दीड वर्षाचा. मग प्रकरणं कोर्टात गेली, आणि २०२३मध्ये पुढच्या सरकारने ते निर्णय मागे घेतले. जून २०२५च्या सुरुवातीला पुन्हा समाप्ती जाहीर झाली आणि या वेळी तारीख पडली ५ ऑगस्ट २०२५. साठ दिवस. कायद्याने ठरवलेली किमान मुदत, त्याहून एक दिवस जास्त नाही. अवधी वाढवून द्यायचा अधिकार मंत्र्यांना कायद्यानेच दिला आहे, तो वापरला गेला नाही. ३१ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयाने समाप्ती पुढे ढकलली. दीदीने मला फोन करून पेढे मागितले. २० ऑगस्टला वरच्या न्यायालयाने तो आदेश थांबवला. ज्या पाळणाघरात ती काम करत होती त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं.

दहा वर्षांचा संसार साठ दिवसांत कसा आवरायचा? घराचा करार, मुलीची शाळा, बँकेतलं कर्ज, नेपाळमध्ये मुलीला ज्या भाषेत शिकायचं आहे ती तिला लिहिता-वाचता येत नाही हा प्रश्न. आणि या सगळ्याच्या जोडीला कायद्याचा अभ्यास. कारण इमिग्रेशनच्या कोर्टात सरकार तुम्हाला वकील देत नाही. वकील करायचा तुमचा हक्क आहे, खर्चही तुमचाच.

आता वाटा काय आहेत ते बघू. कागदावर त्या बऱ्याच दिसतात.

लोकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते आश्रयाचं. मायदेशी परतल्यास वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट या पाचांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती असेल तर आश्रय मागता येतो. एरवी अमेरिकेत आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, पण टीपीएस चालू असल्यामुळे उशीर झाला हे कारण नियमात मान्य आहे. अट एकच, संरक्षण संपल्यावर 'वाजवी' काळात अर्ज गेला पाहिजे. वाजवी म्हणजे किती दिवस याचा आकडा नियमात नाही, म्हणून चांगले वकील सांगतात की महिने जाऊ देऊ नका. ज्यांना खरोखर अशी भीती आहे त्यांनी हा अर्ज आज करावा, उद्या नाही.

पण दीदीचं घर भूकंपाने पाडलं. भूकंप कोणाचा छळ करत नाही. नेपाळमध्ये तिच्यामागे कोणी लागलेलं नाही, आणि ते ती स्वतःच प्रामाणिकपणे सांगते. जॅक्सन हाइट्समध्ये तिला एक माणूस भेटला. काही हजार डॉलर्समध्ये 'गोष्ट तयार करून देतो' म्हणाला. तिने त्या रात्री मला विचारलं, "बहिनी, सगळे करतात म्हणे, मी करू का?" मी नको म्हणाले. जाणूनबुजून खोटा आश्रय-अर्ज केल्याचं न्यायाधीशाने ठरवलं तर त्या माणसाला इमिग्रेशनचा जवळजवळ कुठलाही लाभ कायमचा बंद होतो. मुलगी मोठी झाल्यावर उघडणारं दारही त्यात बंद झालं असतं. या सगळ्यात मला सर्वांत लागतं ते हे. कायद्याने खऱ्या गोष्टीला जागा ठेवली नाही की दलाल खोटी गोष्ट विकायला बसतात, आणि मग पकडली जाते ती दीदी.

दुसरी वाट कुटुंबाची. अमेरिकन नागरिकाचा नवरा किंवा बायको, किंवा एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या नागरिक मुला-मुलीचे आई-बाप, यांना देश न सोडता ग्रीन कार्ड मागता येतं. मधल्या काळात कागदाची मुदत संपलेली असली तरी या जवळच्या नात्यांना ते माफ आहे. मात्र मूळ प्रवेश अधिकाऱ्याने तपासून दिलेला हवा. दीदीचा तसा आहे. तिची मुलगी नऊ वर्षांची आहे, म्हणजे आणखी बारा वर्षांनी, तोवर ती इथे टिकली तर, दीदीला हे दार आहे. नवऱ्याला नाही.

टीपीएस मिळणं म्हणजेच प्रवेश मिळणं असं धरता येईल का, यावर देशातल्या अपील न्यायालयांमध्ये वर्षानुवर्षं मतभेद होते. जून २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांचेझ विरुद्ध मेयॉर्कस या खटल्यात नऊ विरुद्ध शून्य मतांनी तो वाद मिटवला. संरक्षणाने दर्जा मिळतो, पण प्रवेश मिळत नाही. सांचेझ पती-पत्नी नव्वदच्या दशकात साल्वाडोरहून आलेले, न्यू जर्सीत राहणारे, आणि त्यांच्या ग्रीन कार्डासाठी मालकाचा पाठिंबा होता. कायद्याचे शब्द वाचले तर निकाल चूक म्हणता येत नाही. न्यायमूर्तींनी शब्द वाचले. शब्द बदलण्याचं काम काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं होतं.

दीदीच्या नवऱ्यासाठी एक फट होती, आणि त्याला ती ठाऊक नव्हती. टीपीएस चालू असताना परवानगीपत्र घेऊन परदेशी जाऊन यायची सोय आहे. २०२२पासूनच्या धोरणानुसार, ते पत्र घेऊन जो विमानतळावर परत उतरतो त्याची नोंद 'तपासून दाखल केला' अशी होते. २०२३च्या हिवाळ्यात त्याची आई वारली. त्याने अर्जाचा छापील नमुना आणला, अर्धा भरला, आणि ठेवून दिला. परत येताना आत घेतलं नाही तर बायको-मुलीचं काय, ही भीती. तेराव्याला तो व्हिडिओ कॉलवर बसला होता. त्या वेळी कोणी जाणकाराने त्याला सांगितलं असतं, तर आईचं तोंडही पाहता आलं असतं आणि आज त्याची फाइल बायकोच्या फाइलसारखी असती. संरक्षण संपलं तशी ती परवानगीही संपली. ज्या देशांचं टीपीएस अजून चालू आहे त्या लोकांनी हे एवढं तरी वकिलाला आजच विचारून घ्यावं. साल्वाडोरची, जानेवारी २०२५मध्ये दिलेली मुदत ९ सप्टेंबर २०२६ पर्यंतची आहे. प्रवासाला धोके आहेत, जुना हद्दपारीचा आदेश असेल तर फारच, म्हणून विचारल्याशिवाय कोणी विमानात बसू नये.

तिसरी वाट दहा वर्षांची. तिचं वर्णन ऐकून प्रत्येकाच्या डोळ्यांत आधी आशा येते. इथे सलग दहा वर्षं राहिलेला, चांगल्या वर्तणुकीचा माणूस हद्दपारी रद्द करून ग्रीन कार्ड मागू शकतो. दीदी आणि तिचा नवरा दोघांची दहा वर्षं पूर्ण झाली आहेत. पण हा अर्ज कुठल्याही खिडकीवर देता येत नाही. तो फक्त इमिग्रेशन न्यायाधीशासमोर, हद्दपारीचा खटला चालू असतानाच करता येतो. म्हणजे हे औषध मिळण्यासाठी आधी सरकारने तुम्हाला बाहेर काढायला घेतलं पाहिजे. आणि तिथे तुमचे हाल मोजलेच जात नाहीत. तुमच्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवरा-बायको, मुलं किंवा आई-वडिलांवर 'अपवादात्मक आणि अत्यंत असाधारण' संकट येईल हे सिद्ध करावं लागतं. मूल आई-बापापासून तुटेल, शाळा सुटेल, हे हाल सर्वसाधारण समजले जातात. मुलाला असा आजार असेल ज्यावर तिकडे उपचार नाही, तर खटला बळकट. एका आईला आपलं मूल पुरेसं आजारी आहे असं कोर्टात सिद्ध करावं लागावं, हे मला फार अमानुष वाटतं. एवढं करून सगळ्या देशांतल्या सगळ्या लोकांना मिळून वर्षाला ४,०००च मंजुऱ्या, आणि कोर्टांपुढे तुंबलेले खटले तीस लाखांहून जास्त.

बाकीच्या वाटा अरुंद आहेत आणि कोणाला लागू पडाव्यात अशी इच्छाही करू नये. गंभीर गुन्ह्याला बळी पडून पोलिसांना मदत केलेल्यांसाठी यू व्हिसा, वर्षाला १०,०००. मानवी तस्करीच्या बळींसाठी टी व्हिसा, वर्षाला ५,०००. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराकडून छळ झालेल्यांना स्वतःचा अर्ज स्वतः करण्याची सोय. आणि परत जाणं हीसुद्धा एक वाट आहे, तिच्याबद्दल कोणी मोकळेपणी बोलत नाही. संरक्षणाचे दिवस बेकायदा वास्तव्यात धरले जात नाहीत, पण ते संपल्यावर घड्याळ सुरू होतं. १८० दिवसांहून जास्त राहून मग देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, वर्षभर किंवा त्याहून जास्त राहून सोडला तर दहा वर्षं. ज्यांना जायचंच आहे त्यांनी हा हिशेब करून जावं. भूकंपाच्या आधीचे बिनकागदी दिवसही त्यात धरले जाऊ शकतात, म्हणून हाही हिशेब वकिलाकडून करून घ्यावा.

दोन गोष्टी मात्र वाट कुठलीही असो, आधी करायच्या. सरकारकडे असलेली आपली संपूर्ण फाइल माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखाली मागवून घ्यायची. कित्येकांच्या नावावर वीस वर्षांपूर्वी, त्यांच्या गैरहजेरीत झालेला हद्दपारीचा आदेश असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. टीपीएस असेतो तो निजलेला असतो, मग जागा होतो. दुसरं, सल्ला फक्त परवानाधारक वकिलाकडून किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीकडून घ्यायचा. लॅटिन अमेरिकेत 'नोतारियो' म्हणजे मोठा वकील असतो, अमेरिकेत नोटरी म्हणजे सहीवर शिक्का मारणारा. त्या एका शब्दाने हजारो कुटुंबं बुडाली आहेत. आपल्या दक्षिण आशियाई वस्त्यांमध्ये तेच काम 'फॉर्म भरून देणारे भाऊ' करतात.

एवढ्या वाटा सांगून झाल्यावर दीदीच्या घरात काय उरतं? बायकोला बारा वर्षांनंतरची एक आशा. नवऱ्याला खटला भरला गेला तर, आणि मुलगी फार दुःखी ठरली तर, एक संधी.

आणि हे आळशी, हात जोडून बसलेले लोक नव्हेत. नेपाळचं संरक्षण संपलं तेव्हा ते मिळालेल्या सुमारे १२,७०० जणांपैकी साडेपाच हजारांहून जास्त लोकांनी मधल्या काळात ग्रीन कार्ड मिळवलेलं होतं. ज्यांच्यापुढे दार होतं ते त्यातून गेले. उरलेले सुमारे सात हजार कष्टाने कमी पडले असं कोणी म्हणू नये. त्यांना जे नडलं ते दहा वर्षांपूर्वीचं होतं.

'तात्पुरतं' या शब्दावर कायदा किती आंधळेपणाने चालतो याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. कॅरिबियनमधल्या मॉन्सेरात बेटावर १९९५मध्ये ज्वालामुखी जागा झाला. राजधानी राखेखाली गेली. १९९७मध्ये तिथल्या लोकांना टीपीएस मिळालं. २००५मध्ये ते संपवलं गेलं. कारण काय? उद्रेक थांबायची चिन्हं नाहीत, तो दशकानुदशकं चालू शकतो, म्हणून परिस्थिती आता 'तात्पुरती' राहिलेली नाही. देश सावरला तर परत जा, आणि देश कधीच सावरणार नसेल तरीही परत जा.

याहून वेगळं करता येतं हे अमेरिकेनेच दाखवलं आहे. लायबेरियाच्या यादवी युद्धामुळे १९९१पासून त्या लोकांना कधी टीपीएस, कधी हद्दपारीला स्थगिती असं टांगून ठेवलं होतं. डिसेंबर २०१९मध्ये काँग्रेसने लष्करी खर्चाच्या विधेयकात एक कलम घालून, २० नोव्हेंबर २०१४पासून इथे असलेल्या लायबेरियन लोकांना ग्रीन कार्ड मागायचा हक्क दिला. आभाळ कोसळलं नाही. १९९७मध्ये निकाराग्वाच्या आणि १९९८मध्ये हैतीच्या लोकांसाठी असेच कायदे झाले. पण प्रत्येक देशाने आपापला खासदार गाठायचा आणि दैव आजमवायचं, ही काही रीत नव्हे.

रीत कायद्याच्या पुस्तकात आधीपासून आहे. तिला 'रजिस्ट्री' म्हणतात. १९२९मध्ये अमेरिकेने ठरवलं की अमुक तारखेआधीपासून इथे राहणाऱ्या, नोंद नसलेल्या पण सरळमार्गी माणसाला कायमचा रहिवासी म्हणून नोंदवून घ्यायचं. पहिल्या कायद्यात ती तारीख जून १९२१ची होती. पुढे काँग्रेसने ती पुन्हा पुन्हा पुढे सरकवली: १९२४, १९४०, १९४८. शेवटचं १९८६मध्ये, १ जानेवारी १९७२वर आणली. तिथे ती अजून उभी आहे. आज या कलमाचा लाभ हवा असेल तर तुम्ही अर्ध्या शतकाहून अधिक काळ इथे असायला हवं. १९८६मध्ये तो काळ चौदा वर्षांचा होता. तारीख न सरकवल्यामुळे एक जिवंत कलम हळूहळू निरुपयोगी झालं. ठरावीक तारखेऐवजी सरकती मुदत ठेवावी, सात वर्षं सलग राहिलेल्याला अर्ज करता यावा, असं विधेयक २०२२मध्ये काँग्रेसमध्ये मांडलं गेलं. पुढे गेलं नाही. मी स्वतः सातऐवजी दहा म्हणेन, म्हणजे घाईचा आरोप उरणार नाही. पण मुदत सरकती हवी. हद्दपारीच्या खटल्याशिवाय वर्षं मोजणारं एवढं एकच कलम या कायद्यात आहे.

याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी टाळणार नाही. ते म्हणतात, तात्पुरत्याचं कायम होणार असेल तर पुढच्या भूकंपाच्या वेळी कुठलंच सरकार संरक्षण द्यायला धजणार नाही. हा मुद्दा खरा आहे आणि त्याने मला बरेच दिवस अडवलं. माझं उत्तर असं की दहा वर्षं ही सरकारला विचार करायला भरपूर मोठी मुदत आहे. दोन-तीन वर्षांत परिस्थिती सुधारली, पुरेसा अवधी देऊन संरक्षण संपवलं, तर मी त्याला अन्याय म्हणणार नाही. ती माणसं दुःखी होतील, पण तो दिलेल्या शब्दाचाच भाग आहे. दहा वर्षं स्वतःच मुदत वाढवत राहायची आणि मग माणसाला सांगायचं की तू उगाच मूळ धरलंस, हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप माझ्या आपल्या माणसांचा आहे, आणि तो मी एडिसनच्या गणेशोत्सवात, जेवणाच्या रांगेत, समोरासमोर ऐकला आहे. "आम्ही इतकी वर्षं कायद्याने रांगेत उभे आहोत, आणि हे मध्येच घुसणार?" एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या मराठी इंजिनिअरचं दुखणं मला ठाऊक आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००. कुठल्याही एका देशाला त्यांतली सात टक्क्यांहून जास्त सहसा नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची. नोकरी गेली तर नवी शोधायला साठ दिवस. मूल एकवीसचं झालं की आई-बापाच्या रांगेतून बाहेर. इथे वाढलेल्या त्या मुलाला परदेशी विद्यार्थी म्हणून पुन्हा व्हिसा काढावा लागतो.

पण हे सगळं आठवून पुन्हा वाचा. साठ दिवस. मुलाचं एकविसावं वर्ष. तात्पुरता कागद, जो दर तीन वर्षांनी वाढतो आणि कशातच रूपांतरित होत नाही. दीदीची आणि आपली कहाणी एका कायद्याच्या दोन पानांवर लिहिली आहे. आणि रजिस्ट्रीबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांना माहीतच नाही: त्या कलमाखाली मिळणारी ग्रीन कार्डं वार्षिक कोट्यात मोजली जात नाहीत. दीदीला मिळालं म्हणून कोणाचा नंबर एकानेही मागे जात नाही. उलट, सरकती मुदत आली तर दहा वर्षांपेक्षा जास्त काळ इथे कायदेशीर राहिलेला पुण्याचा इंजिनिअरही त्याच कलमाखाली अर्ज करू शकेल, मालकाच्या पाठिंब्याशिवाय. जो भारतीय देशनिहाय मर्यादा उठवण्यासाठी दरवर्षी पत्रं लिहितो त्याने या कलमासाठी एकही पत्र लिहिलेलं नाही, याची मला खंत वाटते. मीही या वर्षीपर्यंत लिहिलं नव्हतं.

आता लिहिलं आहे. आमच्या भागाच्या खासदाराच्या कार्यालयाला, दोन मागण्यांचं. रजिस्ट्रीची तारीख सरकती करा, हे एक. दुसरी मागणी लहान आहे: ज्या देशाचं संरक्षण पाच वर्षांहून जास्त चाललं आहे, ते संपवताना किमान वर्षभराचा अवधी द्या, आणि त्या वर्षात प्रवासाच्या परवानगीचे अर्ज घेणं थांबवू नका. पत्र पाठवण्याआधी मी दीदीच्या नवऱ्याला वाचून दाखवलं. दुसऱ्या मागणीपाशी त्याने मला थांबवलं आणि पिशवीतून तो अर्धा भरलेला अर्ज काढून विचारलं, यातलं पुढचं कसं भरायचं असतं.